सावित्रीबाईंच्या बाईंचे नाव कधी घेणार?

३ जानेवारी जवळ आली की आमच्या पाथर्डी तालुक्यातल्या शाळाशाळांतून गडबड सुरू होते. मुली आईची नऊवारी नेसून येतात, कपाळावर ठसठशीत कुंकू लावतात, एखादी दोरीने बांधलेला चष्मा सावरत जोतिबांचा फेटा मिरवते. सावित्रीबाई फुल्यांवर भाषणे होतात. भिडेवाडा येतो, अंगावर झेललेले शेण आणि दगड येतात, पहिली शाळा येते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवताना मी ही जयंती मनापासून साजरी केली, आणि निवृत्त झाल्यावरही कुणी बोलावले तर जाते. या भाषणांत पुणे असते, नायगाव असते. आपले नगर मात्र नसते.

आणि नगर असायला हवे. सावित्रीबाईंना शिक्षिकेच्या कामाचे धडे मिळाले ते नगरला आणि पुण्याला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये आणि नगरमध्ये मिस फरार यांच्या हाताखाली. या फरारबाईंचे पूर्ण नाव सिंथिया फरार. देशातल्या पहिल्या शिक्षिकांमध्ये जिची गणना होते, तिला शिकवणारी शिक्षिका आपल्या जिल्ह्याच्या गावात राबली, इथेच म्हातारी झाली आणि इथेच वारली. तिचे नाव आपल्या मुलांना, आणि खरे सांगायचे तर आपल्या बहुतेक शिक्षकांनाही, ठाऊक नाही. हे बदलले पाहिजे, एवढ्यासाठी हा लेख लिहिते आहे.

सिंथिया फरार यांचा जन्म १७९५ चा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मार्लबरो या छोट्या गावातला. त्या तिथे शिक्षिका होत्या. मुंबईत अमेरिकन मिशनचे लोक १८१३ पासून काम करत होते आणि १८२४ मध्ये त्यांनी मुलींसाठी शाळा उघडली होती. ती वाढवायची तर देखरेखीला कुणी बाई हवी होती. पाद्रीसाहेबांच्या बायका संसार आणि लेकरे सांभाळून हे काम करत, त्यातल्या काही जणी इथल्या हवेने आणि साथींनी गेल्या. म्हणून मिशनने एका अविवाहित शिक्षिकेला फक्त मुलींच्या शाळांसाठी पाठवायचे ठरवले. त्या काळात अमेरिकेतही ही गोष्ट जवळजवळ न घडणारी होती. एकटी बाई, लग्न न झालेली, समुद्रापार नोकरीला जाणार, हे तिथल्या समाजालाही पचणारे नव्हते.

जून १८२७ मध्ये त्या बोस्टनहून शिडाच्या जहाजाने निघाल्या. आफ्रिकेला वळसा घालून, कलकत्त्यामार्गे, वर्ष संपता संपता मुंबईत पोचल्या. तेव्हा त्यांचे वय बत्तीस. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गोविंदराव फुल्यांच्या घरी जोतिबा जन्मले होते. बाईंनी जहाजात पाय ठेवला तेव्हा ते दोन महिन्यांचे होते. ज्या मुलाच्या हातून पुढे पुण्यात मुलींची शाळा उघडणार होती, त्याने जी शाळा पाहून ते मनावर घ्यायचे होते, त्या शाळेची बाई तेव्हा वाटेवर होती.

मुंबईत उतरल्यावर त्यांनी आधी मराठी शिकून घेतली. मी पहिलीला अनेक वर्षे शिकवले आहे. आपल्याच बोलीतल्या लेकरांना अक्षर शिकवताना जीव मेटाकुटीला येतो. इथे बत्तीस वर्षांची एक परकी बाई बाराखडी गिरवून, त्याच भाषेत मुलींच्या वाचनाची परीक्षा घेण्याइतकी तयार झाली. शाळांत शिकवणारे पंतोजी बहुतेक पुरुष, कारण शिकलेली बाई मिळणार कुठून? बाईंनी त्या शाळा एकेक करून फिरायच्या, कोण किती वाचते ते पाहायचे, पट सांभाळायचा, गळणाऱ्या मुलींच्या घरी जायचे आणि पैशासाठी मुंबईतल्या गोऱ्या साहेबांपुढे शब्द टाकायचा. दोनेक वर्षांत या शाळांच्या पटावर चारशेच्या आसपास मुली होत्या. शिकवायचे काय? वाचन, लिहिणे, थोडा हिशेब, शिवणकाम आणि धर्मपाठ.

या कामात त्या एकट्या होत्या असे मी म्हणणार नाही. कलकत्त्यात मेरी ॲन कुक १८२१ पासून मुलींच्या शाळांसाठी खपत होत्या. मुंबईत १८२९ मध्ये डॉ. जॉन विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. देशभर अशा काही बाया होत्या. पण आपल्या मातीशी ज्यांचे नाते सर्वांत लांब आणि सर्वांत खोल राहिले, त्या फरारबाई.

प्रकृती ढासळल्याने १८३७ मध्ये त्यांना मायदेशी परतावे लागले. चाळिशी उलटलेली, दहा वर्षांची सेवा झालेली. तिथेच राहिल्या असत्या तर कुणी नाव ठेवले नसते. पण १८३९ मध्ये त्या परत आल्या आणि या वेळी त्यांना नगर मिळाले. अमेरिकन मिशनने नगरला १८३१ च्या अखेरीस बस्तान मांडले होते. सावित्रीबाईंचे जन्मवर्षही तेच. पहिल्या काही महिन्यांतच हार्वी नावाचा तरुण पाद्री कॉलऱ्याने गेला, तरी मिशन टिकले. १८४२ मध्ये याच गावातून मिशनचे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झाले. आगगाडी नगरला यायला अजून चार दशके होती. मुंबईहून घाट चढून, बैलगाडी-तट्टूच्या वाटेने ही बाई नगरला आली आणि पुढची बावीस-तेवीस वर्षे मुलींच्या शाळा चालवत राहिली.

आता तो प्रसंग, जो आपल्या जिल्ह्याच्या प्रत्येक मुलाला पाठ असायला हवा. १८४८ च्या सुमारास विशी नुकतीच ओलांडलेले जोतिराव नगरला आले. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे तेव्हा नगरला नोकरीला होते. त्यांच्याबरोबर जोतिरावांनी फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली. तिथली व्यवस्था, मुलींचे शिकणे त्यांना मनापासून भावले. आईच्या हातून मुलांची जी सुधारणा होते तिचे मोल फार मोठे आहे आणि इथल्या स्त्रिया मात्र शिक्षणात मागे पडल्या आहेत, हे त्यांच्या मनाने घेतले. पुण्याला परतल्यावर त्यांनी मुलींची शाळा काढली. ही काही नंतर कुणी रचलेली आख्यायिका नव्हे. खुद्द जोतिरावांनी हे सांगितले आणि १५ सप्टेंबर १८५३ च्या 'ज्ञानोदया'त ते छापून आले. नगरच्या शाळेचे आणि फरारबाईंचे ऋण त्यांनी स्वतः, हयातीत, उघडपणे मान्य केले. आपण ते विसरलो.

सावित्रीबाईंना अक्षरओळख करून दिली ती जोतिरावांनी. पुढे सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांनी त्यांना शिकवले. मग नगर आणि नॉर्मल स्कूल कशासाठी? ज्याने एकदा वर्ग सांभाळला आहे त्याला याचे उत्तर माहीत आहे. स्वतःला वाचता येणे वेगळे आणि तीस लेकरांना वाचायला शिकवणे वेगळे. आमच्या तालुक्यात दोन शिक्षकी शाळा अजून पुष्कळ आहेत. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. पहिलीच्या पोरी अक्षरे गिरवत असताना दुसरीला उजळणी द्यायची, रडणारीला जवळ घ्यायचे, खोडकराला काम लावायचे आणि एकीचाही दिवस फुकट जाऊ द्यायचा नाही. हे कुणी पुस्तकातून शिकत नाही. जी बाई हे रोज करते तिच्या वर्गात मागे बसून, तिच्याकडे बघून, मग स्वतः खडू हातात घेऊन ते अंगात येते. डी.एड.ला असताना आमचा पाठ झाल्यावर आमच्या बाई जे दोन शब्द कानात सांगत, तेवढ्यावर माझी सगळी नोकरी गेली. सतरा-अठरा वर्षांच्या सावित्रीबाई पुण्यासारख्या गावात, अंगावर शिव्या घेत, वर्गात पाय घट्ट रोवून उभ्या राहिल्या. त्या धैर्याचे श्रेय त्यांचे आणि फक्त त्यांचेच. पण वर्गात गेल्यावर काय करायचे हे त्यांना ठाऊक होते, यात त्यांना शिकवणाऱ्यांचा वाटा आहे. तो वाटा सांगितल्याने सावित्रीबाईंचे तेज तसूभरही कमी होत नाही. ज्या समाजाने बाईला पाटी हातात धरू दिली नाही, त्यात त्यांनी जिथून मिळेल तिथून विद्या घेतली, हे त्यातून अधिकच ठसते.

इथे काही वाचक थांबतील आणि विचारतील, ही बाई धर्म वाढवायला आली होती ना? होय, आली होती. ते झाकण्याचे कारण नाही. फरारबाई मिशनरी होत्या, त्यांच्या शाळेत बायबल होते, मुलींनी ख्रिस्ताच्या वाटेने यावे असे त्यांना मनापासून वाटत होते. त्या काळच्या नगरात मिशनच्या धर्मांतरांवरून खळबळ झाली होती आणि पालकांचा संशयही समजण्यासारखा होता. ज्याला यावर टीका करायची त्याने जरूर करावी. पण याच प्रश्नाला जोतिराव-सावित्रीबाईंनी जे उत्तर दिले ते आपण शिकण्यासारखे आहे. त्यांनी शाळेची रीत घेतली, शिकवण्याची कला घेतली, मुलगी शिकू शकते हा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा घेतला. धर्म घेतला नाही. पुण्यात त्यांनी स्वतःची शाळा उभी केली, ती इथल्या माणसांच्या कष्टावर, इथल्या पोरींसाठी. नोव्हेंबर १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारने जोतिरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला, तो या कामासाठी. घेण्याजोगे घ्यावे, न पटणारे सोडावे आणि ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव मोकळ्या मनाने सांगावे, एवढे मोठे मन त्यांच्याकडे होते. पावणेदोनशे वर्षांनी आपले मन त्याहून लहान का असावे?

मग फरारबाई विसरल्या का गेल्या? एक तर परक्या, त्यात मिशनरी, म्हणून कुणी त्यांना आपले म्हटले नाही. दुसरे, त्यांना मूलबाळ नव्हते, मागे चरित्र लिहून घेणारे घराणे नव्हते, पुण्यतिथी धरणारी संस्था नव्हती. तिसरे कारण मला सर्वांत जास्त बोचते. आपल्याला 'पहिली' हवी असते. पहिली शाळा, पहिली शिक्षिका, पहिली डॉक्टर. पहिल्यांचे पुतळे होतात, रस्त्यांना नावे मिळतात. ज्यांनी त्या पहिलीला घडवले त्यांची नावे पुसली जातात. शिक्षकाच्या नशिबी हे असतेच. त्याची विद्यार्थिनी मोठी होते, त्याचे नाव गावच्या चार माणसांपुरते उरते. आमच्या पाथर्डीतही असे कितीतरी मास्तर आणि बाई होऊन गेल्या. मढीच्या यात्रेत पोरे हरवू नयेत म्हणून लक्ष ठेवणाऱ्या, माणिकदौंडीच्या डोंगरपट्ट्यात पायी जाणाऱ्या, पावसाळ्यात गळक्या खोलीत एका कोपऱ्यात वर्ग भरवणाऱ्या. त्यांनी शिकवलेली माणसे आज तहसीलदार आहेत, डॉक्टर आहेत. त्यांचे नाव कुठल्या भिंतीवर नाही.

फरारबाईंची आठवण मला फक्त इतिहासासाठी नको आहे. आमच्या तालुक्यात त्यांचे काम अजून अर्धे राहिलेले आहे.

पाथर्डी हा ऊसतोड मजुरांचा तालुका. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या कोयता घेऊन निघतात. कुणी साताऱ्या-सांगलीकडे, कुणी कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पत्रे, शेळी आणि त्यावर बसलेली पोरे. शाळेचे दुसरे सत्र त्या ट्रॉलीबरोबर निघून जाते. परत येतात ते पाडव्याच्या पुढेमागे. यात सर्वांत जास्त नुकसान मुलीचे. मुलाला आजीजवळ ठेवतील, पण मुलगी बरोबर हवी. कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, पाणी कोण भरणार, धाकट्याला कोण सांभाळणार?

माझ्या वर्गातली एक मुलगी मला कायम आठवते. दुसरीत तिचे वाचन वर्गात सर्वांत चांगले होते. जोडाक्षर अडले तर बाकीच्या तिला विचारत. हंगाम संपून एप्रिलमध्ये परत आली ती कडेवर धाकटा भाऊ घेऊन. उसाच्या पाचटाने हातावर चरे पडलेले. मी पाटी दिली तर तिने भावाला मांडीवर घेऊन लिहायला सुरुवात केली. पेन्सिल बोटांत बसत नव्हती. स्वतःचे नाव तिने पूर्ण लिहिले, आडनावाशी अडली, माझ्याकडे बघितले आणि मान खाली घातली. त्या पोराला वर्गात बसू द्यायचे नाही असा नियम दाखवणारे कुणी तेव्हा आले असते तर मी त्यांच्याशी भांडले असते. तो पोरगा पुढे उन्हाळी सुट्टी लागेपर्यंत आमच्या वर्गात सतरंजीवर झोपला आणि त्याची बहीण पुन्हा वाचू लागली. पुढच्या दसऱ्याला ती परत गेली. सातवीनंतर तिचे लग्न झाले.

सरकारने काही केले नाही असे नाही. हंगामी वसतिगृहे आहेत, गाव सोडणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारने ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृह योजना आणली आणि पहिल्या टप्प्यात आपल्या पाथर्डीलाही घेतले. ज्यांचा गड आपल्या तालुक्यात आहे, ज्यांनी आयुष्यभर पोरांना शिकवा म्हणून सांगितले, त्या बाबांचे नाव या योजनेला आहे ही मानाची गोष्ट. पण योजना कागदावरून वर्गापर्यंत यायला माणूस लागतो. मजुरांची टोळी निघून गेल्यावर वसतिगृहाला मंजुरी आली तर तिचा काय उपयोग? आणि मुलीला आई-बाप मागे ठेवतील ते फक्त एका गोष्टीवर: तिथे रात्री विश्वासाची बाई आहे का? सव्वादोनशे वर्षांपूर्वी न्यू हॅम्पशायरमध्ये जन्मलेल्या त्या बाईला नगरला आणावे लागले ते याच गरजेपोटी. मुलींच्या शाळेला बाई हवी, जी त्यांच्या घरी जाईल, आईशी बोलेल आणि तिचा विश्वास कमावेल. ती गरज आजही तशीच आहे.

म्हणून माझे मागणे स्पष्ट शब्दांत मांडते.

पहिले, जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांनी ३ जानेवारीच्या कार्यक्रमात सावित्रीबाईंबरोबर त्यांच्या शिक्षकांचीही नावे घ्यावीत. जोतिराव, भवाळकर, परांजपे, मिचेलबाई आणि फरारबाई. मुलांना कळू द्या की सावित्रीबाईही कुणाच्या तरी विद्यार्थिनी होत्या, म्हणून आपल्यालाही तसे घडता येईल. तिसरीच्या परिसर अभ्यासात मुले आपला जिल्हा शिकतात. तिथे किल्ला असावा, शिर्डी असावी, धरणे असावीत आणि नगरच्या या शाळेवर एक परिच्छेदही असावा. जिल्ह्याला अहिल्यादेवींचे, एका कर्तबगार स्त्रीचे, नाव दिले आहे. त्या जिल्ह्याने आपल्या मातीतल्या शिक्षिकांची दखल घेणे हे त्या नावाला साजेसे आहे.

दुसरे, अध्यापक विद्यालयांत आणि प्रशिक्षण वर्गांत शिकणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला 'ज्ञानोदया'तली जोतिरावांची १८५३ ची ती मुलाखत वाचायला द्यावी. आपल्या धंद्याचा वारसा कुठून आला हे त्यांना ठाऊक हवे. प्रशिक्षण म्हणजे सहीपुरती हजेरी आणि चहा-नाश्ता असे ज्यांना वाटू लागले आहे, त्यांना कळेल की एका चांगल्या शिक्षिकेच्या वर्गात बसून मिळालेल्या शिकवणीने महाराष्ट्राचा इतिहास बदलला.

तिसरे आणि सर्वांत निकडीचे. हंगामी वसतिगृहे टोळी हलण्याआधी सुरू झाली पाहिजेत आणि मुलींच्या वसतिगृहात रात्रंदिवस राहणाऱ्या बाईची नेमणूक सक्तीची झाली पाहिजे. दसऱ्याआधी प्रत्येक गावातल्या शिक्षकांनी आणि सरपंचांनी घरोघर जाऊन कोण मुलगी जाणार आहे याची यादी करावी. मुकादमाकडे प्रत्येक जोडीची नोंद असते. शाळेकडे प्रत्येक मुलीची का असू नये?

सिंथिया फरार जानेवारी १८६२ मध्ये नगरला वारल्या. वय सहासष्ट. मायदेशी मरण यावे म्हणून त्या परत गेल्या नाहीत. आयुष्याची पस्तीसेक वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या मुलींना वाचायला शिकवण्यात घालवली आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीने या राज्याचे भविष्य बदलले. त्यांची पूजा करा असे मी म्हणत नाही. त्यांचे नाव मुलांना सांगा. आणि येत्या दसऱ्याला तुमच्या गावातून ट्रॉली निघेल तेव्हा वरच्या गाठोड्यांवर बसलेल्या मुलींपैकी निदान एकीला खाली उतरवून घ्या. तिच्या आईशी बोला, वसतिगृहात तिची सोय लावा, तिची जबाबदारी अंगावर घ्या. शिक्षक असाल तर हे तुमचे कामच आहे. नसाल तरी ते तुमचे आहे.